साइट छोटी असेल तर माटोमो वापरून बघाच

ज्यांच्या वेबसाइटवर दिवसाला पाच-पन्नास माणसं येतात, म्हणजे होमस्टेवाले, घरगुती मसालेवाले, गाण्याचे किंवा चित्रकलेचे क्लास घेणारे, लेण्यांच्या टूर करणारे, अशा सगळ्यांनी साइटवर किती लोक येतात आणि काय बघतात ते मोजणारं माटोमो हे टूल वापरावं असं माझं ठाम मत झालंय. मी पुण्यात वेब अ‍ॅनालिटिक्समध्येच काम करते, दिवसभर गुगल अ‍ॅनालिटिक्स, टॅग मॅनेजर (साइटवर मोजणीचे कोड, म्हणजे टॅग, बसवायचं टूल), बिगक्वेरी (गुगलचा मोठा डेटाबेस) हेच चालू असतं, त्यामुळे घरच्या कामाला आणखी एक टूल घ्यायचं म्हणजे आधी कंटाळाच आला होता, पण मामाच्या होमस्टेच्या साइटवर हे बसवलं आणि आता तेच मला जास्त आवडतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माटोमो हे ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं, अ‍ॅनालिटिक्स आहे. 2007 साली मॅथ्यू ओब्री याने हे पिविक नावाने सुरू केलं, 2018 मध्ये नाव बदलून माटोमो झालं, मागची कंपनी न्यूझीलंडची आहे. दोन प्रकारे मिळतं. एक म्हणजे त्यांच्या क्लाउडवर, त्याला दर महिन्याला युरोत पैसे. दुसरं म्हणजे फाइल डाउनलोड करून आपल्याच होस्टिंगवर टाकायची, त्याला पैसे शून्य. पीएचपी आणि मायएसक्यूएल असलं की झालं, म्हणजे वर्डप्रेस ज्या साध्या होस्टिंगवर चालतं तिथेच हेही चालतं. वर्डप्रेससाठी वेगळा प्लगइनपण आहे पण मी साइटच्याच एका सबडोमेनवर वेगळं टाकलं, कारण स्वस्तातल्या होस्टिंगवर वर्डप्रेसच्या पोटात अजून एक जड गोष्ट ढकलायला नको वाटलं. इन्स्टॉल करणं खरंच सोपं आहे, डेटाबेस बनवायचा, पायऱ्या विचारेल तशी उत्तरं देत जायची, शेवटी एक कोड मिळतो तो साइटच्या हेडरमध्ये चिकटवायचा.

आता मुख्य गोष्ट, व्हिजिट्स लॉग. माझ्यासाठी अख्खं माटोमो एकीकडे आणि हा एक रिपोर्ट एकीकडे.

ऑफिसात आमचे क्लायंट बाहेरचे, मोठी दुकानं, तिथे एका दिवसाचे सेशन्स, म्हणजे साइटला दिलेल्या भेटी, लाखात. तिथे एकेका माणसाकडे बघायचा प्रश्नच येत नाही, सगळं सरासरीत, टक्केवारीत, फनेलमध्ये (खरेदीच्या कोणत्या पायरीपर्यंत किती लोक पोचले त्याचा तक्ता). कन्व्हर्जन रेट, म्हणजे आलेल्यांपैकी विकत घेणाऱ्यांचं प्रमाण, पाव टक्क्याने हलला तरी कॉल लागतो, मग कुणाचा टॅग तुटला, कन्सेंट बॅनर (मोजायची परवानगी विचारणारी पट्टी) बदलला का, पेमेंट गेटवेवरून परत येताना सेशन तुटतंय का हे शोधत बसायचं. काम मला आवडतं, शोधून काढलं की मजा येते, पण त्या लाखांमागे माणसं आहेत हे वर्षानुवर्षं डोक्यातच येत नाही. मामाच्या साइटवर मात्र दिवसाला मोजकी माणसं. तिथे टक्केवारीला काही अर्थच नाही, दहातले तीन म्हणजे तीस टक्के असं म्हणून निष्कर्ष काढणं मला पटत नाही. तिथे करायचं ते एकच, प्रत्येक व्हिजिट सावकाश वाचायची. आणि माटोमो ते फार छान दाखवतं. एकाखाली एक ओळी, कुठून आला, फोन की कॉम्प्युटर, कोणता ब्राउजर, आणि मग पानामागून पान कसं बघत गेला ते क्रमाने, कुठे परत फिरला, कुठे बटण दाबलं. तोच व्हिजिटर परत आला की तेही कळतं.

एक उदाहरण देते म्हणजे लक्षात येईल. मामाचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत जाता येईल असं, मागे नारळी-पोफळीची वाडी, चार खोल्या पाहुण्यांना. साइटवर पानं पण मोजकी, खोल्या, जेवण, फोटो, कसं यायचं, संपर्क. पावसाळा संपून लाँग वीकेंडच्या चौकश्या सुरू होतात त्या दिवसांत मी लॉग वाचत होते. शुक्रवारी रात्री अकराच्या पुढे एक व्हिजिट, अँड्रॉइड फोन, गुगलवरून आलेली. आधी खोल्या, मग जेवण, तिथून कसं यायचं, परत खोल्या, परत कसं यायचं, फोटो, आणि तिसऱ्यांदा कसं यायचं. संपलं. फोनचं बटण दाबलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी, साधारण तसंच. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक लॅपटॉपवरून, तीच घुटमळ. मग मी ते पान उघडून परक्या माणसाच्या नजरेने वाचलं. त्यावर मुंबई-गोवा हायवेने चिपळूण आणि चिपळूणहून गुहागर एवढंच होतं. पुण्याहून येणाऱ्याने उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं, हे नव्हतं. दापोली करून येणाऱ्याला दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, गाडी बोटीत घालून खाडी ओलांडता येते, फिरून यावं लागत नाही, हेही नव्हतं. आणि इथून पुढे गणपतीपुळ्याला जायचंय त्यांना तवसाळ-जयगड फेरी, त्याचाही उल्लेख नव्हता. आता कोकणात येणारी बरीच मंडळी एकाच जागी कुठे राहतात, एक दिवस इथे, एक दिवस तिथे असंच ठरवून निघतात ना, त्यांना खोली आवडली तरी रस्ता नीट समजल्याशिवाय ते फोन कशाला करतील?

मामाशी फोनवर बसून तो सगळा मजकूर पुन्हा लिहिला. त्याला प्रत्येक फाटा पाठ, कुठला रस्ता उखडलाय, घाट रात्री का उतरू नये, पेट्रोल कुठे भरून घ्यावं, सगळं त्याने सांगितलं तसं त्याच्याच बोलीत टाकलं. त्यानंतर मामीचंच म्हणणं असं की फोनवरचे प्रश्न बदललेत. आधी अर्धा वेळ रस्ता समजावण्यात जायचा, आता लोक थेट "अमुक तारखांना खोली आहे का" असं विचारतात. एवढ्या कमी आकड्यांवर मी याचा ग्राफ काढणार नाही, पण मामीचा वेळ वाचतोय हे खरं आहे आणि एका छोट्या धंद्याला अजून काय पाहिजे.

हे गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसलं नसतं का? दिसू शकतं, जीए फोरमध्येही, म्हणजे गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या आताच्या आवृत्तीतही, एकेका माणसाची हालचाल दाखवणारा युजर एक्सप्लोरर आहे. पण तिथे पोचेपर्यंत एक्सप्लोरेशन (आपण स्वतः मांडायचा रिपोर्ट) बनवा, त्यात हवे ते रकाने ओढा, तारखा लावा असा प्रवास आहे, त्यात डेटा पूर्ण प्रोसेस व्हायला 24 ते 48 तास लागू शकतात असं गुगलच सांगतं, आणि वापरणारे कमी असले की काही रिपोर्टमधल्या ओळी प्रायव्हसीसाठी झाकल्या जातात, जे बरोबरच आहे पण छोट्या साइटला नेमकं तेच अडचणीचं होतं. एक्सप्लोरेशनमधला डेटा ठेवण्याची मुदत मुळात 2 महिने असते, सेटिंग बदललं तर फुकट खात्यात 14 महिने. म्हणजे ते सेटिंग ज्याला माहीतच नाही, त्याला गेल्या मे महिन्यातली गर्दी आणि या मे महिन्यातली गर्दी अशी खोलात शिरून शेजारी ठेवता येत नाही. आणि होमस्टेचा धंदा तर सीझनवरच चालतो! 1 जुलै 2023 ला गुगलचं जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स बंद झालं तेव्हा जगभरच्या लोकांना सगळं नव्याने मांडावं लागलं, आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ते वर्ष आठवत असेल. माटोमोत डेटा आपल्या डेटाबेसमध्ये, कधी पुसायचा ते आपण ठरवायचं. मोठ्या साइटला, जिथे गुगल अ‍ॅड्सवर पैसा लावलाय, बिगक्वेरीत डेटा काढून एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहिणारी माणसं आहेत, तिथे मी आजही जीए फोरच सुचवेन, ते बिगक्वेरी एक्स्पोर्ट फुकटात मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण चार खोल्यांच्या होमस्टेला ते सगळं कशाला?

काही गोष्टी मात्र सुरुवातीलाच कराव्या लागतात, नाहीतर आकडे फसवतात.

पहिली म्हणजे हार्टबीट टायमर. माटोमो एका पानावर घालवलेला वेळ कसा काढतं तर पुढची हालचाल झाली ती वेळ वजा आधीची वेळ. मग शेवटच्या पानाचं काय? पुढे काहीच झालं नाही म्हणून त्याचा वेळ शून्य. म्हणजे समजा कुणी गुगलवरून थेट "कसं यायचं" वर आला, दहा मिनिटं बसून घरातल्यांना वाचून दाखवलं आणि बंद केलं, तर रिपोर्टमध्ये शून्य सेकंद आणि बाउन्स, म्हणजे एकच पान बघून परत गेलेला. कोडमध्ये एक ओळ टाकून हार्टबीट टायमर चालू केला की हा वेळही मोजला जातो. बरेच जण हे करत नाहीत आणि मग "लोक येतात आणि लगेच जातात" म्हणून उगाच साइट बदलत बसतात.

दुसरी, फोनच्या बटणावरचा क्लिक. आपल्याकडे बुकिंग फॉर्म भरणारे थोडे, फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करणारे जास्त, त्यामुळे तोच खरा गोल, म्हणजे मोजायचं उद्दिष्ट. माटोमोत टॅग मॅनेजर फुकटच येतो, त्यात लिंकवर क्लिक झाला की इव्हेंट, म्हणजे तशी एक नोंद, पाठव असं लावलं आणि त्या इव्हेंटवर गोल बनवला. आता प्रत्येक ओळीत दिसतं, फोन दाबला का नाही.

तिसरी, व्हॉट्सअ‍ॅप. मामा साइटची लिंक त्याच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, कुठे कुठे टाकत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस साधारण "डायरेक्ट एन्ट्री" मध्ये मोडतो कारण अ‍ॅप कुठून आला ते सांगत नाही. म्हणून मी त्याला लिंकच कॅम्पेनचं शेपूट (कुठून आला ते ओळखायची लिंकच्या शेवटची खूण) लावून बनवून दिली, ग्रुपसाठी एक, घरी येऊन गेलेल्या पाहुण्यांना पाठवायची एक. त्यातून एक फार छान गोष्ट कळली, येऊन गेलेले पाहुणे ती लिंक पुढे पाठवतात आणि त्या लिंकवरून आलेली माणसं फारशी शोधाशोध न करता फोटो बघतात आणि फोन करतात. मामीने केलेल्या घावनांची आणि कुळथाच्या पिठल्याची ही जाहिरात आहे, दुसरं काही नाही.

फोटोंच्या पानाचं अजून एक. परफॉर्मन्स नावाचा रिपोर्ट आहे, पान उघडायला किती वेळ लागतो ते तुकड्या-तुकड्यात दाखवतो. फोटोंचं पान इतर पानांच्या कितीतरी पट हळू. मामेभावाने कॅमेऱ्यातले मूळ फोटो जसेच्या तसे चढवले होते, एकेक फोटो काही एमबींचा. घाटात किंवा गावात नेटवर्कची दोन काडी असताना कोण थांबणार. फोटो लहान करून टाकले, पान झटक्यात उघडायला लागलं.

प्रायव्हसीबद्दल बोलायलाच हवं, कारण व्हिजिट्स लॉगचं एवढं कौतुक केलंय. मी मामाला पहिल्यांदा तो लॉग दाखवला तेव्हा त्याने लगेच विचारलं, "म्हणजे अगो, कोण बघतंय ते आपल्याला दिसतं? हे बरं नव्हे हो." मला त्याचा प्रश्न फार आवडला, ऑफिसात इतक्या साध्या शब्दांत कुणी हे विचारत नाही. मी त्याला सांगितलं, मामा, नाव नाही, नंबर नाही, चेहरा नाही, फक्त कुणीतरी फोनवरून साइटवर आलं आणि ही पानं बघून गेलं एवढंच. आयपी अ‍ॅड्रेसचे शेवटचे दोन भाग झाकायची सोय आहे, ती चालू केली. जुन्या कच्च्या नोंदी ठरावीक महिन्यांनी आपोआप पुसल्या जातील असं लावलं, रिपोर्ट राहतात, एकेक माणसाचा माग राहत नाही. साइटवर तळाला दोन ओळींत आम्ही काय मोजतो आणि का, ते मराठीत लिहिलं, आणि नको असेल तर बंद करायची सोय पण माटोमोतच मिळते ती जोडली. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. घरी राहायला येणारे लोक आहेत ते, त्यांच्यावर पाळत ठेवायची नाहीये, त्यांना काय सापडत नाही तेवढंच बघायचंय.

आता जिथे कमी पडतं ते. हीटमॅप (पानावर लोक कुठे जास्त क्लिक करतात ते रंगांत दाखवणारा नकाशा), सेशन रेकॉर्डिंग (भेटीचं चित्रीकरण), फनेल, कस्टम रिपोर्ट हे सगळे वेगळे विकत घ्यायचे प्लगइन आहेत, वर्षाचं भाडं, आणि छोट्या धंद्याला ते परवडणारं नाही. गुगलवर काय शोधून माणूस आला ते बहुतेक वेळा दिसत नाही, तो दोष माटोमोचा नाही, गुगलच ते देत नाही, पण सर्च कन्सोल (लोक गुगलवर काय शोधून आपल्या साइटवर आले ते दाखवणारं गुगलचं टूल) जोडायचा प्लगइनही पैसेवाला आहे. मी सर्च कन्सोल वेगळं उघडून बघते, तो फुकट आहे. अ‍ॅड ब्लॉकर वापरणारे लोक मोजले जात नाहीतच असं धरून चाला, स्वतःच्या डोमेनवर ठेवलं तरी फाइलच्या नावावरून अडवतात. शहराच्या नावावर विश्वास ठेवू नका, मोबाइल नेटवर्कवरचा माणूस कुठल्या कुठे दिसतो, साताऱ्यातला माणूस मुंबईत दाखवेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे तुमच्या होस्टिंगवर आहे म्हणजे अपडेट, बॅकअप, क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) हे तुमच्या गळ्यात. अपडेट न करता वर्षभर तसंच ठेवणार असाल तर बसवूच नका, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. घरात कुणी हे बघणारं नसेल तर क्लाउडचे पैसे भरा किंवा साइट बनवणाऱ्यालाच हे ठरवून द्या.

रिपोर्ट ई-मेलने पाठवायची सोय मला वाटलं होतं त्यापेक्षा फार उपयोगी निघाली. आठवड्याचा रिपोर्ट मामाला मेलवर जातो. त्यात मी मुद्दाम तीनच गोष्टी ठेवल्यात, किती माणसं आली, कोणती पानं बघितली, फोन किती दाबले गेले. मामा तो चहाबरोबर वाचतो आणि मामीला मोठ्याने सांगतो. मी कॉलेजनंतर या कामाला लागले तेव्हापासून मामी विचारत आलीय की तू कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस, आणि मी "वेबसाइटचा डेटा बघते" म्हटलं की ती मान हलवायची पण समजलं नाही हे कळायचं. त्या रस्त्याच्या पानानंतर तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमची भाची लोकांना काय सापडत नाही ते शोधून काढते." माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मी स्वतः कधी केलं नव्हतं.

ऑफिसच्या कामात अमेरिकेच्या वेळा सांभाळायच्या असतात, संध्याकाळी कॉल, दिवाळीत फराळ करायचा तर ब्लॅक फ्रायडेच्या (अमेरिकेतल्या मोठ्या सेलच्या दिवसाच्या) आधीची टॅगची तपासणी समोर उभी, त्यामुळे घरी आल्यावर परत आकडे बघायचं असं कुणी सांगितलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण हे वेगळं आहे. शनिवारी सकाळी बॅडमिंटन खेळून आले की नाश्ता होईपर्यंत थोडा वेळ लॉग वाचते, एखादी गोष्ट खटकली तर मामाला फोन करते, आणि मग त्या निमित्ताने आंब्याला मोहोर कसा आलाय, वाडीत माकडांचा त्रास किती, आजीचा गुडघा कसा आहे हे पण बोलणं होतं. आधी आमचे फोन सणावाराला व्हायचे. डॅशबोर्ड बनवलेला नाही, बनवणारही नाही, फोनवर माटोमोचं अ‍ॅप टाकलं होतं ते पण काढलं कारण मग बसमध्येसुद्धा उघडून बघावंसं वाटायला लागलं, आणि इतक्या छोट्या साइटला आठवड्यातून एकदा बघणं पुरतं.

आणि एवढा फायदा ऑफिसलाही झालाय की मी आता मोठ्या क्लायंटच्या डेटातही एखादा प्रश्न आला की सरासरीकडे जायच्या आधी वीस-तीस सेशन्स नुसते वाचून काढते. बिगक्वेरीतून एका युजरच्या सगळ्या इव्हेंट्स वेळेप्रमाणे लावायच्या आणि वरून खाली वाचायच्या. चेकआउटमध्ये कुपनच्या रकान्याशी लोक अडखळतात, पिनकोड दोनदा टाकतात, मागे जाऊन साइज बदलतात, हे फनेलच्या चार खांबांत कधी दिसत नाही. टीममधल्या नवीन मुलांनाही मी आता हेच आधी करायला लावते.

रेटिंग द्यायचं तर छोट्या साइटसाठी पाचपैकी साडेचार, अर्धा कमी तो पैसेवाल्या प्लगइनसाठी. बसवणार असाल तर पहिल्याच दिवशी स्वतःच्या व्हिजिट्स वगळा. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो म्हणून आयपीवर विसंबू नका, सेटिंगमध्ये कुकी लावून वगळायची सोय आहे ती वापरा, आणि ती घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर, प्रत्येक ब्राउजरमध्ये वेगवेगळी लावावी लागते. ज्याचा धंदा आहे त्याच्या फोनवर तर सगळ्यात आधी लावा, कारण स्वतःची साइट दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तोच उघडतो.